धरमतर खाडीचे बांध आणि ग्रॅव्हल सायकल: आधी तिथी बघा, मग टायर

तुमचा बेत वाचला. भाऊच्या धक्क्याहून सकाळच्या लाँचने मोरा, उरणवरून करंजा, तिथून छोट्या लाँचने रेवस, मग धरमतर खाडीच्या कडेने खारबांधांवरून, म्हणजे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधांवरून, जमेल तितकं दक्षिणेला, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. आणि प्रश्न एवढाच, की टायर ३८ मिलिमीटर रुंदीचा घालावा की ४५ चा. टायरचं खाली सांगतो. त्याआधी तो रविवार बदला.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मुंबईच्या किनाऱ्याला भरती पूर्ण होते ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, नेमकी सायकलवाल्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळी. त्यात उधाण, म्हणजे पाण्याची चढउतार चार मीटरच्याही वर. मोरा बंदर गाळाने भरलेलं असल्यामुळे अशा ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही. दोन-अडीच तास सेवा थांबते, कधी जास्तही. रेवसलाही गाळाचा त्रास आहेच. शिवाय दुपारी तुम्ही बांधावर असाल तेव्हा बाहेरच्या बाजूला पाणी काठोकाठ. म्हणजे लाँचला हवं तेव्हा पाणी नाही, आणि नको तिथे भरपूर.

कोळ्यांचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरती रोज साधारण ४८ मिनिटं पुढे सरकते, त्यावरच हे बसतं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नक्की वेळ अपोलो बंदरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या, आणि आत धरमतरकडे पाणी त्याहून उशिरा पोचतं हेही धरा. आता अष्टमी बघा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी पुन्हा सहाला भरती. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, चढउतार दीड-दोन मीटरची. जाता-येता लाँचला पाणी, आणि मधल्या वेळात बांधाच्या बाहेरची बाजू उघडी. माझ्या मते या वाटेसाठी षष्ठी ते दशमी, शुद्ध असो वा वद्य, हेच दिवस. त्यात रविवार येत नसेल तर शनिवार बघा, तोही नसेल तर पंधरा दिवस थांबा.

हे इतकं लांबवून लिहितोय कारण जेट्टीवर हे कोणी सांगत नाही. या खाडीकाठच्या एका तिकीट कार्यालयात विचारलं की उत्तर एकच, "लाँच चालू आहे." संध्याकाळची शेवटची किती वाजता, तर फलकाकडे बोट. फलकावरची वेळ बरोबर असते, पण त्या वेळेला पाणी असेल की नाही हे ना फलकावर ना खिडकीत. तिकीट फाडून झालं, सायकल घेऊन धक्क्याच्या टोकाला पोचलं, की मग कळतं, "आता पाणी नाही, आठनंतर बघा." या एका न सांगितलेल्या वाक्याने मला जेवढा त्रास दिलाय तेवढा सगळ्या पंक्चरांनी मिळून दिलेला नाही. त्यांच्याकडे तक्ता असतो, खलाशांना तर तोंडपाठ असतं. सकाळी खडूने एक ओळ लिहायची, आज अमुक ते अमुक लाँच नाही. सायकलवाल्यांचं सोडा, मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका आणि दवाखान्यात निघालेली माणसं त्याच धक्क्यावर ताटकळतात. म्हणून खिडकीत "लाँच आहे का" विचारू नका. "संध्याकाळी पाच ते सात पाणी आहे का" असं विचारा, आणि शक्यतो खलाशाला विचारा.

लाँच चुकली तर अटल सेतूवर सायकल चालत नाही, तो विचार डोक्यातून काढा. मोऱ्याच्या बाजूला अडकलात तर उरण स्टेशन गाठा. जानेवारी २०२४ पासून तिथून लोकल आहे. लगेजचं तिकीट काढा, पुढचं चाक सोडवा आणि गर्दीची वेळ टाळा. रेवसच्या बाजूला अडकलात तर मांडवा जवळ आहे, तिथून भाऊच्या धक्क्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट. ओहोटीची अडचण तिला त्यामानाने कमी, आणि सायकल वाहनांच्या डेकवर नीट उभी राहते. खरं तर पहिल्यांदा जाताय तर दोन्ही वेळा रो-रोनेच जा. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, हवामानाप्रमाणे बदलतं.

आता बांध. नकाशात खाडीच्या कडेने जी सलग रेघ दिसते तिच्यावर विश्वास ठेवू नका. मानकुळे, बहिरीचा पाडा, नारंगी, खाली शहापूर-धेरंड, या सगळ्या पट्ट्यात बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, दरवर्षी उधाणाला कुठे ना कुठे फुटतो. त्या फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. खांड दहा फुटांची दिसली तरी उतरू नका. तळाशी गाळ मांडीपर्यंत ओढतो, आणि पाणी फिरलं की प्रवाह जोरात येतो. सरळ मागे फिरा. गावात "रस्ता आहे का" विचारलं तर लोक भल्या मनाने हो म्हणतात, कारण त्यांच्या शेतापर्यंत तो असतोच. "बांध सलग आहे का, खांड कुठे गेलीय" असं विचारलं की अचूक उत्तर मिळतं. उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दरवाजांवर, उतरून सायकल हाताने न्या. भिंत अरुंद असते आणि काँक्रीटच्या कडेवर रिम आपटते.

बांधाचा माथा म्हणजे खाजणातूनच, खाडीकाठच्या दलदलीतूनच, काढलेली चिकणमाती. डिसेंबरपासून ती दगडासारखी होते, त्यात गुरांच्या खुरांचे खळगे तसेच वाळलेले. ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर वेग धरू नका. दिवसाला बांधावरचे पंधरा-वीस किलोमीटर भरपूर झाले. ओल असेल तर मात्र हीच माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये लिंपली जाते आणि चाक फिरायचं थांबतं. म्हणून टायर जाड हवा हे खरं, पण फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. ४५ चा घालून ती राहत नसेल तर ४० चाच बरा. ३८ वर कोरड्यात जमतं, फक्त मनगटं दुखतात. साधारण ७५ किलोच्या माणसाला ४२ मिलिमीटर ट्यूबलेसवर पुढे २८-३०, मागे ३२-३५ पीएसआय. ट्यूब असेल तर चार-पाच वाढवा. तुमच्या वजनाप्रमाणे बदला, हे काही शास्त्रवचन नाही. ट्यूबलेसच घ्या असं माझं मत, कारण कडेला मारांदी आणि वेडी बाभूळ ही दोन्ही काटेरी झुडपं आहेत.

पाणी तीन लिटर तरी न्या. खारेपाटातल्या, म्हणजे या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या गावांत मार्च-एप्रिलनंतर प्यायच्या पाण्याची खरोखर ओढाताण असते. कोणाच्या दारात बाटली पुढे करणं बरं नाही. चहा, खाणं तिथेच घ्या. शहापूर भागात बांधालगत जिताडा माशाची तळी आहेत, तिथे पहाटे गुपचूप जाऊ नका, राखणदाराला हाक मारून जा. तिवरांतून वाट काढू नका. कांदळवन संरक्षित आहे, आणि बांध टिकतो तो त्याच्याच आडोशाने.

दुपारनंतर वायव्येकडून वारा येतो, विशेषतः फेब्रुवारीनंतर. रेवसला परतताना तो तोंडावर असतो, म्हणून अर्धा वेळ संपायच्या आधीच वळा. थकलात तर बांध सोडून कनकेश्वर फाट्याकडच्या डांबरी रस्त्याला लागा. वडखळकडे मात्र जाऊ नका, तिथे अवजड गाड्यांची रांग असते.

लाँचमध्ये सायकल डिरेलरची, म्हणजे मागच्या गिअर बदलणाऱ्या भागाची, बाजू वर राहील अशी ठेवा, बाकीचे लोक त्यावर सामान टाकतात आणि तो ज्यावर बसतो तो हँगर वाकतो. डेकवर डिझेलचं तेल असतं. ब्रेकची डिस्क त्याला लागली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय ब्रेक दाबू नका, पॅड तेल पितात आणि मग बदलावेच लागतात. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पेडलला अडकणारे क्लीटचे बूट तिथे घसरतात. घरी पोचल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा, साखळी कोरडी करून तेल द्या, आणि सीटपोस्ट काढून आतलं पाणी झटका. सकाळपर्यंत ठेवलं तर बोल्टांच्या डोक्यांवर तांबूस गंज दिसायला लागतो.