भूजल : मालकी एकाची, साठा साऱ्यांचा

प्रश्न : माझ्या विहिरीचे पाणी माझे असताना उपशावर गावाने बंधन का घालावे? आणि मी एकट्याने हात आखडला, तर शेजारी थांबणार आहे का?

उत्तर : १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाला दिला हे खरे, पण दख्खनच्या काळ्या पाषाणाला सर्व्हे नंबर कळत नाहीत. पाणी मुरते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा मुळात तुटपुंजा आणि अनेक विहिरींना सामाईक असतो. शेजारच्या बोअरमधून कोरडी भुकटी उडायची थांबून चिखल उसळू लागला, की पुढे कधी कधी आपल्या विहिरीची पातळी उतरते, कारण दोहोंना पुरवणारी भेग एकच असते. जो थांबतो त्याचे वाचलेले पाणी शेजाऱ्याच्या पंपात जाते, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्यानेच कोणी थांबत नाही. एकट्याने काटकसर करावी हा उपदेश मला म्हणूनच पोकळ वाटतो. सर्वांनी मिळून नियम ठरवले, तरच ते पाळणारा नुकसानीत जात नाही.

प्रश्न : असे नियम कुठे टिकले आहेत?

उत्तर : अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारात, पोपटराव पवारांच्या पुढाकाराने. तिथल्या कुऱ्हाडबंदी, चराईबंदीचे कौतुक होते. मला मात्र शेतीसाठी बोअरला आणि ऊस-केळीला असलेली मनाई अधिक मोलाची वाटते. पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, आधी माणसांचे व जनावरांचे पाणी बाजूला काढले जाते आणि मग रब्बीची पिके ठरतात. त्याआधी १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधील नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे वाटप एकरांवर नव्हे, तर माणशी झाले आणि भूमिहीनांचाही वाटा मान्य झाला. बंधाऱ्याच्या श्रमदानाला गर्दी जमते (फोटोही निघतात), उसाला नकार देताना मात्र गावातल्या वजनदारांशी वाकडे येते.

प्रश्न : शेततळे हे जलसंधारणच ना?

उत्तर : पावसाच्या पाण्याने भरले तर होय. प्लास्टिक अंथरून त्यात विहिरीचे पाणी उपसून साठवले, तर सामाईक साठा खासगी होतो आणि वर उन्हाने उडतो.

प्रश्न : कायदा काहीच करत नाही का?

उत्तर : २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम शेतीसाठी साठ मीटरांहून खोल विहिरींना मज्जाव करतो, पण रात्री आलेले बोअरचे मशीन अडवणार कोण, तर गावच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या परिसरातील नोंदी मागवून त्या पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.