शीर ‘मोकळी’ होते की ‘सैल’?

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय: वडिलांच्या छातीत आवळून आलं की जिभेखाली धरायची गोळी डॉक्टरांनी दिली आहे. घरात तिला ‘शीर मोकळी करायची गोळी’ म्हणतात, शेजारचे काका ‘रक्त पातळ करायची’ म्हणतात. बरोबर काय?

‘रक्त पातळ’ तर नव्हेच. ते नाव ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांना पडलंय, आणि तिथंही रक्त पातळ होत नाही, गुठळी धरायचं प्रमाण कमी होतं. ‘मोकळी’ हा शब्द मला जास्त खटकतो. मोकळं होतं ते चोंदलेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, आतली चरबी निघून गेली. ती जागच्या जागीच असते.

गोळी काम करते ती शिरेच्या भिंतीतल्या स्नायूवर. हा अनैच्छिक स्नायू, आपल्या हुकमात नसलेला. त्याच्या पेशीत कॅल्शियम वाढलं की तो आवळतो. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळीपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, पेशीतलं कॅल्शियम उतरतं आणि भिंत सैलावते. (नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. छातीच्या दुखण्यावर याच जातीचं नायट्रोग्लिसरीन मात्र १८७९ पासून माहीत आहे.) ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीची वाट वेगळी, ते कॅल्शियमला आत शिरायचं दारच अडवतं.

आखडणं आणि सैल होणं तालमींच्या कोल्हापुराला समजावून सांगायला नको. जोर-बैठकांनी आखडलेली मांडी मालिशनं सैल होते, तसंच हे. तेव्हा ‘शीर सैल करायची गोळी’ म्हणा.

आता कुणी म्हणेल, ‘शीर’ कशाला, ‘धमनी’ म्हणा. इथं मी बोलीच्या बाजूनं आहे. हृदयाच्या धमन्या या गोळीनं सैलावतात हे खरंच, पण नेहमीच्या मात्रेत तिचा जोर हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांवर जास्त. त्या सैलावल्या की रक्त तिथं थोडं थबकतं, हृदयावरचा भार हलका होतो आणि दुखणं उतरतं ते बरंचसं त्यामुळं. बोलीतली ‘शीर’ दोन्हींना कवेत घेते. ‘धमनी’ म्हटलं की निम्मी गोष्ट सुटते.

आणि ताई, सैलावतात त्या अंगभरच्या शिरा, म्हणून रक्तदाबही उतरतो. वडिलांना बसवूनच गोळी द्या. डोकं ठणकलं तर घाबरू नका, तेही त्यातलंच. सिल्डेनाफिलसारखं (व्हायग्रा म्हणतात ते) औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, दोन्हींनी मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो. आणि गोळी धरूनही दुखणं हटलं नाही, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.