ऑफिसच्या मेसेजमध्ये नेमकं वर्णन कसं करावं?

तुम्ही विचारलंय, साहेब सारखं ‘सविस्तर लिही’ म्हणतात, तर लिहायचं काय? सविस्तर नको, समोरच्याला काम करता येईल एवढं लिहा. मी रत्नागिरीकडे हापूसच्या पॅकिंगमध्ये आहे, उदाहरण तिथलंच देतो.

हंगामात वाशीच्या घाऊक बाजारातून मेसेज येतो, ‘माल खराब निघाला, लक्ष द्या.’ इथे कुणी काय करायचं? गर पांढरट, आंबट, भुसभुशीत असेल तर साका. तो बाहेरून दिसत नाही, आणि तोडलेला आंबा तापलेल्या जमिनीवर पडून राहिला की वाढतो, म्हणजे बागेत सांगायला हवं. काळे ठिपके पसरत असतील तर करपा हा बुरशीचा रोग, म्हणजे प्रश्न फवारणीचा. देठापासून खाली तपकिरी ओघळ असेल तर चीक. आंबा देठ राखून उतरवलेला नाही. दबलेला असेल तर पॅकिंग नाहीतर गाडीतली रचाई. दोष चार, माणसंही चार वेगळी. मेसेज मोघम असला की बोलणी खातो तो समोर उभा असलेला गडी. याची मला मनापासून चीड आहे.

तोच मेसेज असा हवा: ‘लॉट १२, मंगळवारची तोड. ५ डझनाच्या १० पेट्या उघडल्या, ६०० फळं. ४२ फळांवर देठापासून दोन बोटं लांब तपकिरी ओघळ. फळ घट्ट, कापल्यावर गर चांगला. फोटो सोबत.’ यावरून लगेच कळतं की माल खायला उत्तम आहे, फक्त दिसायला उतरलाय. ती ४२ कॅनिंगला काढा, बाकीची विका, आणि उद्यापासून झेल्यानं (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीनं) देठासकट उतरवा.

कोणता माल, किती तपासला, त्यात किती सापडला, फळावर कुठे, दाबून-कापून काय दिसलं, हा क्रम सोडू नका. ‘किती तपासला’ हेच बहुतेकांचं राहतं, आणि त्याशिवाय ४२ वरून काहीच ठरवता येत नाही. दोषाचं कारण मात्र शेवटी लिहा, वेगळ्या ओळीत, ‘अंदाज’ असं म्हणून. ते आधी लिहिलंत की पुढचा तेवढंच शोधत बसतो.

‘एवढं लांब कोण वाचतं?’ म्हणणारे सगळीकडे भेटतात. वरचा मेसेज चार ओळींचा आहे. मोघम मेसेजनंतर ‘म्हणजे नक्की काय झालं?’ विचारायला जे फोन होतात, ते मात्र कुणी मोजत नाही.

माणसाबद्दल लिहितानाही तसंच. ‘बेफिकीर आहे’ नको. ‘क्रेट दुपारी १२ ते ३ उन्हात होते’ लिहा.

अर्थात गाडी सुटायच्या बेतात असेल तर आधी फोन करा, मेसेज मागाहून.