४२ मिलिअँपिअरचं करायचं काय?

प्रश्न : काका, मी ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकल शिफ्टला आहे, वय २३. स्क्रीनवर सर्व्हरच्या एका रॅकच्या फीडरला (त्याला वीज देणाऱ्या लाइनला) कायम ४२ मिलिअँपिअर लीकेज, म्हणजे अर्थकडे गळणारा करंट, दिसतं. घरी ३० ची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असते आणि ती पडते. इथे काहीच पडत नाही, नुसता आकडा दिसतो. सीनियर म्हणतात, दुर्लक्ष कर. करू का?
— एक वाचक

उत्तर : वय लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतो, रागावू नकोस. तुझे सीनियर अर्धे बरोबर आहेत.

४२ दिसतंय म्हणजे कुठेतरी वायर सोललीच असेल, असं नाही. सर्व्हरच्या प्रत्येक एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे छोटे कपॅसिटर असतात. हाय फ्रिक्वेन्सीचा कचरा ते अर्थमध्ये ढकलतात, आणि त्याच वाटेने ५० हर्ट्झचाही थोडा करंट जातो. प्लगवर चालणाऱ्या अशा यंत्राला साधारण ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा असते. एकेकाचा एक-दीड धरलास तरी भरलेला रॅक चाळिशीला पोचतोच. ३० ची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते. ती इथे बसवली तर बिघाड नसतानाच रॅक झोपेल. म्हणून इथे पाडत नाहीत, नजर ठेवतात. फेज आणि न्यूट्रल एकाच सीटीच्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) कड्यातून नेतात, अर्थची वायर बाहेरून. गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमधली तूट तुझ्या स्क्रीनवर येते. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावायचा तर शटडाऊन लागतो, आणि तो तुला देणार कोण?

सीनियर चुकतात ते इथे. हा आकडा दिवसभर कसा वागतो ते वहीत लिहीत जा, शेजारी त्या फीडरचा लोडही लिही. कपॅसिटरच्या लीकेजला लोडशी देणंघेणं नसतं. सर्व्हर निवांत असो की घाम गाळत असो, ते जवळपास तेवढंच राहतं.

एका ठिकाणी (नाव सांगत नाही) एका फीडरला रात्री लोड उतरला की लीकेज कमी व्हायचं आणि दुपारी लोड चढला की दोन अँपिअरपर्यंत जायचं. मिलि नव्हे, अँपिअर! दोन आठवडे सगळे मीटरला शिव्या देत होते. मी क्लॅम्प मीटर घेऊन बसलो, फेज-न्यूट्रल एकत्र जबड्यात धरून एकेक शाखा तपासत गेलो. शेवटी नव्या पॅनेलमध्ये बोटभर लांबीची पितळी पट्टी सापडली, न्यूट्रलबार आणि अर्थबार जोडणारी. फिटरने कारखान्यातून आली तशीच ठेवली होती. न्यूट्रल-अर्थ हा जोड मुळाशी एकदाच हवा. दुसरीकडे झाला की न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरीतून, नेटवर्क केबलच्या शील्डमधून, पाण्याच्या पाइपातून वाट काढतो. दोन स्क्रू काढले आणि आकडा ऐंशी मिलिअँपिअरच्या आसपास येऊन बसला.

लोड तोच असून जुलैत आकडा रोज दोन-चारने वर सरकायला लागला, तर इन्सुलेशनला ओल लागतेय का पाहा. प्रिसिजन एसीचे (सर्व्हर-रूमचं तापमान आणि ओल सांभाळणाऱ्या एसीचे) हीटर आणि ह्युमिडिफायर माझे पहिले संशयित असतात. थ्री-फेज फीडरवर मात्र गंमत होते. तिन्ही फेजची कपॅसिटरची लीकेज एकमेकांना बरीचशी खोडतात, त्यामुळे एकाच फेजवरचे सर्व्हर काढले की लीकेज चक्क वाढतं. तेव्हा घाबरू नकोस.

आकडा अचानक पडला, तर मात्र खूश होऊन चहाला जाऊ नकोस. सर्व्हर काढलेले नसताना ४२ चे ५ झाले, तर आधी अर्थ तुटलाय का बघ. करंटला वाटच उरली नाही, तर मीटर दाखवणार काय? तो रॅकच्या पत्र्यावर तुझ्या हाताची वाट बघत असतो. १० मिलिअँपिअरच्या वर लीकेज असलेल्या जागी अर्थची वायर किमान १० चौरस मिलिमीटर तांब्याची किंवा दुहेरी ठेवतात, ती याचसाठी. रॅक हलवायला कुणी हिरव्या वायरीचा बोल्ट खोलायला निघाला, तर त्याचा पाना काढून घे. आधी दुसरी वायर जोडून घ्यायची, मगच ही सोडायची.