प्लग का नव्हता काढलास?

"काका सोमवारपासून नाही येत, मी या कामाच्या लायक आहे असं वाटत नाही." रात्री साडेअकराला एवढाच मेसेज आणि खाली हात जोडलेले. दोनदा फोन लावला, उचलला नाहीस, म्हणून टाइप करत बसलोय. मला वेळ लागतो, डाव्या हाताचं मधलं बोट नीट चालत नाही, का ते पुढे येईलच.

घोडबंदरच्या फ्लॅटवर काय झालं ते मिस्त्रीकडून कळलं. ट्रिमरचं, म्हणजे कडा कापायच्या हातातल्या यंत्राचं, बिट (फिरणारं पातं) बदलत होतास, पाना ते पकडणाऱ्या कॉलेटवर, अंगठा गेला स्विचवर, पाना सुटला तो थेट बाईंच्या नव्या फ्रीजच्या दारावर. बाई ओरडल्या, त्यांचा मुलगा फिदीफिदी हसला, आणि तू खाली बसून सनमाईकाचे तुकडे गोळा करायला लागलास.

लायक आहेस की नाही ते मला नको विचारू, मला माहीत नाही आणि ते चार महिन्यांत कळतही नाही. घरचे बँकेच्या परीक्षा दे म्हणतायत तर खुशाल दे. मला फक्त एक सांग, प्लग का नव्हता काढलास?

आता म्हणशील एक्स्टेंशन आतल्या खोलीत होतं, कोण जाणार उठून. अरे पण ते यंत्र मिनिटाला तीस हजाराच्या आसपास फिरतं, पाना फ्रीजकडे गेला हे तुझं नशीब, डोळा त्याच्यापेक्षा जवळ होता. बिट बदलायचंय, प्लग काढ. ब्लेड बघायचंय, प्लग काढ. चहा आला, प्लग काढ.

आणि लाजेचं म्हणशील तर लाकडातल्या चुकांची लाज मला कधीच वाटली नाही. कोपरखैरण्याला एक किचन केलं होतं, 14 शटर, म्हणजे कपाटांची दारं. कप बिजागरीला 35 एमएमचं भोक पाडतात, 6 सुती, म्हणजे एकोणीसेक एमएम जाड प्लायला बारा-तेरा एमएम खोली खूप झाली, पण मी गप्पा मारत दाबत राहिलो आणि बिटाचं मधलं टोक पुढून सनमाईकातून बाहेर. एक नाही, तीन शटरांना. मग काय, बाजारातून पितळी चकत्या आणल्या, 28 च्या 28 बिजागऱ्यांसमोर बाहेरून एकेक ठोकली, गिऱ्हाईक म्हणालं वा काय डिझाइन आहे, आणि शेजारणीने तसंच मागितलं. लाकडाला पाचर आहे, भुसा-फेविकॉल आहे, चकती आहे. बोटाला काय लावणार?

हे मी तुला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. 2007 ची गोष्ट, वागळे इस्टेटमधला माझा गाळा, तेव्हा लोडशेडिंग जोरात. टेबलसॉ, म्हणजे टेबलात बसवलेली मशीनची करवत, घ्यायची ऐपत नव्हती म्हणून सगळे करायचे तेच मीही केलेलं, हातातला कटर उलटा करून प्लायच्या पाटाखाली बसवला आणि बटण लॉक. चालू-बंद सगळं भिंतीवरून. कापता कापता लाइट गेली. अर्धवट पट्टी ब्लेडमध्ये अडकली होती, भिंतीवरचं बटण तसंच चालू, मी अंधारात चाचपडत पट्टी सोडवायला गेलो आणि लाइट आली.

घरी सांगितलं गाळ्याचं शटर पडलं बोटावर. तुझ्या काकूला आजही तेच माहीत आहे. गाळ्यातही तेच सांगितलं, मिस्त्री माणूस, दहा वर्षं झालेली धंद्यात, पोरांसमोर काय म्हणणार की प्लग काढला नव्हता?

दीड वर्षाने त्याच पाटावर माझ्याकडच्या पोराचा हात गेला. तस्संच, लाइट गेली, अडकलेला तुकडा, लाइट आली. दोन बोटं. त्याला मी शटरची गोष्ट सांगितली होती ना, तो बिचारा गाळ्याचं शटर जपून उघडायचा. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या, पाट मोडून नवीन मशीन घ्यायला पैसे नव्हते हे खरं आहे, आणि त्या काळात सगळेच असं करायचे हेही खरं आहे. दवाखान्याचा खर्च मी केला, पुढे त्याला हार्डवेअरच्या दुकानात लावून दिलं. माझ्याकडून जेवढं होतं तेवढं केलं. पण सांगायला पैसे लागत नव्हते, तेवढं राहिलं.

नंतर पहिल्यांदा काय घेतलं असेल तर नो व्होल्टचा स्विच, हिरवं-लाल बटण असतं तो. लाइट गेली की आपोआप पडतो, आली तरी हिरवं दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. तू रोज दाबतोस ते बटण, विचारलं नाहीस कधी का लावलंय. तरी त्याच्या भरवशावर राहू नको, प्लग काढ. आणि हातमोजे घालून मशीनवर उभा राहिलास परत तर मीच घरी पाठवीन, ब्लेड मोजा पकडतं आणि मग हात आपोआप जातो आत.

फ्रीजवाल्या बाईंशी बोललोय मी. पोचा आलाय, दार बदलायला नको म्हणाल्या, देवघराची जाळी फुकट करून द्या म्हणाल्या. ती जाळी तू करणार आहेस, ट्रिमरने. बाहेरची कड घड्याळाच्या उलट फिरव, आतली सुलट, नाहीतर बिट हातातून पळतं. बँकेचं काय ते जाळी झाल्यावर ठरव.

येताना स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून दोन थ्रीपिन टॉप, म्हणजे तीन पिनांचे प्लग, घेऊन ये. एक ट्रिमरला, मिस्त्रीने वायरी सोलून काडेपेटीच्या काड्या खुपसून लावल्या होत्या हेही कळलंय मला, असा प्लग तू काढणार तरी कसा. दुसरा माझ्या जुन्या ड्रिलला. त्याच्याही वायरी सोललेल्याच आहेत, बरेच दिवस लावायचा राहिलाय.