आठवणींवर काम करायचंय, मग मेडिकलच का?

तुझं पत्र वाचलं. माणसाला स्वतःच्या आयुष्यातले जुने प्रसंग कसे आठवतात यावर तुला संशोधन करायचंय, आईबाबा म्हणतात त्यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं, सायकॉलॉजीवाल्यांचं तिथे काय काम. मला हे पटत नाही.

हेन्री मोलेसनची केस वाच. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (आठवणी तयार व्हायला लागणारा मेंदूचा आतला भाग) बराच भाग काढला, फिट्स कमी झाल्या पण नवीन घडलेलं काही लक्षातच राहीना. ऑपरेशन सर्जनचं, पण नेमकं काय गेलं आणि काय शाबूत राहिलं हे शोधलं ब्रेंडा मिल्नर यांनी, आणि बाई सायकॉलॉजिस्ट! आरशात बघून चांदणी गिरवायला लावली तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण हे आपण आधी केलंय हे त्याला प्रत्येक वेळी नवीनच. म्हणजे हाताला बसलेली सवय आणि ‘मी हे केलं होतं’ ही आठवण, मेंदू दोन्ही वेगवेगळं सांभाळतो. कागद, पेन्सिल, आरसा, बस्स, मला तर हा प्रयोग अजूनही भारी वाटतो. पुढे २०१४ चं मेडिसिनचं नोबेल हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागातल्या जागा ओळखणाऱ्या पेशींसाठी मिळालं, ओकीफ आणि मोझर पतीपत्नी, तिघंही सायकॉलॉजीतून आलेले. हे घरी नक्की सांग.

आता ठरवायचं एवढंच की तुला रोज काय करायला आवडेल. विसरभोळेपणा वाढलेले पेशंट तपासून त्यांना औषधं द्यायची असतील तर मेडिकल आणि नंतर न्यूरॉलॉजीसारखी मेंदूच्या आजारांची शाखा, रस्ता लांब आहे पण त्यासाठी डॉक्टर व्हावंच लागतं. प्रयोग रचायचे असतील तर सायकॉलॉजी किंवा न्यूरोसायन्स (मेंदूचं विज्ञान), आणि पीएचडी धरूनच चल. आठवण येताना हिप्पोकॅम्पससोबत बघण्याऐकण्याचे भागही पुन्हा जागे होतात, प्रसंग जणू नव्याने जुळवला जातो (म्हणून तर आठवणी चुकतात), हे मेंदूच्या स्कॅनमध्ये पकडायला कोडिंग येणारी माणसं लागतात, तोही एक मार्ग आहे.

सायकॉलॉजी घेतली की गणित सुटेल असं तू लिहिलंयस, तसं होणार नाही हं. तिन्हीकडे स्टॅटिस्टिक्स लागतंच, त्यामुळे गणित आत्ता सोडू नकोस, आणि जमलं तर सुट्टीत पायथॉन ही कोडिंगची भाषा शिकायला घे.