वाचकांचे प्रश्न : आडवाटेची ओपनिंग आणि मोबाइलवरचे बुद्धिबळ

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी एरिक रोझेन या अमेरिकन खेळाडूचे व्हिडिओ पाहून काळ्या मोहऱ्यांनी सतत ‘स्टॅफर्ड गॅम्बिट’ ही प्याद्याचा बळी देणारी ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठराविक चाली) खेळते. मोबाइलवर ती भराभर जिंकते. मात्र प्रत्यक्ष स्पर्धेत याच ओपनिंगने हरते. क्लासमधील सर ती सोडून द्यायला सांगतात आणि मुलगी ऐकत नाही. आम्ही काय करावे?
— एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सोडायला लावण्यापूर्वी ही ओपनिंग तिच्याबरोबर एकदा पटावर मांडून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ती का जिंकते आणि का हरते या दोन्हींचे उत्तर पहिल्या सहा चालींतच मिळते.

दोन्ही बाजूंची राजापुढची प्यादी दोन घरे पुढे येतात, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ अशी नावे असतात) येऊन ई५ च्या प्याद्यावर मारा धरतो आणि काळा ते प्यादे राखण्याऐवजी आपला घोडा एफ६ वर काढतो. येथपर्यंत ही पेट्रॉफ बचावाची जुनी, भक्कम वाट आहे. पांढऱ्याने ई५ चे प्यादे मारले की पेट्रॉफमध्ये डी६ खेळून त्या घोड्याला हुसकावतात. स्टॅफर्डमध्ये मात्र काळा दुसरा घोडा सी६ वर आणतो, तेथे घोड्यांची मारामारी होते आणि काळा डी पट्टीवरच्या प्याद्याने परत मारतो. या व्यवहारात काळ्याचे एक प्यादे कायमचे गेलेले असते, आणि त्या बदल्यात त्याच्या वजिराची आणि दोन्ही उंटांची वाट मोकळी होते.

आता सापळा पाहा. पांढरा डी३ खेळतो, काळ्याचा उंट सी५ वर येतो, आणि पांढऱ्याला आपला उंट जी५ वर नेऊन घोडा वजिराशी जखडून टाकण्याचा मोह होतो. काळा त्याच जखडलेल्या घोड्याने ई४ चे प्यादे मारून वजीर उघडा टाकतो. पांढऱ्याने वजीर खाल्ला तर उंट एफ२ वर शह देतो, राजाला ई२ हे एकच घर उरते आणि दुसरा उंट जी४ वर येताच मात होते. वजिराऐवजी घोडा खाल्ला, तर एफ२ वरच्या त्याच शहामुळे पांढऱ्याचा वजीर जातो. रोझेनचे ‘ओह नो, माय क्वीन’ हे गाजलेले उद्गार अशा वजीरबलिदानाच्या प्रसंगांतूनच सर्वांना माहीत झाले. हा सापळा खरोखर सुंदर आहे आणि चौदा वर्षांच्या मुलीला त्याची भुरळ पडावी यात मला काहीच गैर वाटत नाही.

परंतु तीन मिनिटांच्या डावात समोरच्याला विचाराला काही सेकंदच मिळतात, तर दीड तासाच्या डावात तोच खेळाडू शांतपणे उंट ई२ वर ठेवतो, सी३ आणि डी४ खेळून सी५ च्या उंटाचा मार्ग बंद करतो आणि जास्तीचे प्यादे सांभाळत अंत्य डावाकडे निघतो. रोझेन इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब) आहे. सापळा फसला तरी एक प्यादे कमी असलेला डाव लढवत नेण्याचे त्याचे कसब आपल्या मुलांकडे अजून आलेले नसते, आणि व्हिडिओ पाहताना नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते.

म्हणून माझा सल्ला असा की मोबाइलवर तिला स्टॅफर्ड खुशाल खेळू द्यावे, मात्र स्पर्धेत तिने पेट्रॉफ खेळावे. पहिल्या दोन चाली दोन्हींकडे सारख्याच असल्याने तिला नवी ओपनिंग मुळापासून शिकावी लागणार नाही आणि सरांचे म्हणणेही राहील. शिवाय आठवड्यातून एकदा तिला पांढऱ्या मोहऱ्या घेऊन स्टॅफर्डविरुद्ध खेळायला बसवावे. ज्याला आपल्या आवडत्या ओपनिंगवरचा उतारा स्वतःच्या हाताने पटावर मांडता येत नाही, त्याला ती ओपनिंग येते असे मी मानत नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर इंजिनचे (चाली तपासणाऱ्या संगणकप्रणालीचे) विश्लेषण मोफत आहे. हरलेला प्रत्येक डाव तेथे तपासावा, पण आधी स्वतः विचार करून मगच इंजिन सुरू करावे.

तिला धक्का देणाऱ्या चालींचीच आवड असेल, तर आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीचा एप्रिल २०२४ मधील टोरांटोचा डाव दाखवावा. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत त्याने काळ्या मोहऱ्यांनी, बर्लिन बचावासारख्या शांत समजल्या जाणाऱ्या ओपनिंगमध्ये, घरी तयार करून आणलेले एच३ वरचे उंटाचे बलिदान अमेरिकेच्या हिकारू नाकामुराविरुद्ध खेळून डाव जिंकला.

प्रश्न : अशा विचित्र सुरुवाती ही इंटरनेटची देणगी आहे का?
— एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : मुळीच नाही. १९८० साली स्वीडनमधील स्कारा येथे इंग्लंडच्या टोनी माइल्सने तेव्हाचा जगज्जेता अनातोली कार्पोव्ह याच्या ई४ या पहिल्या चालीला ए६ असे, म्हणजे कडेचे प्यादे एक घर सरकवून, उत्तर दिले आणि डाव जिंकला. त्याचाच देशबांधव मायकेल बास्मन ए६ आणि जी४ यांसारख्या चाली वर्षानुवर्षे निष्ठेने खेळत राहिला. उलट बाजूही सांगायला हवी : १९७० मध्ये बेलग्रेडला डेन्मार्कच्या बेंट लार्सनने तेव्हाचा जगज्जेता बोरिस स्पास्की याच्याविरुद्ध पहिलीच चाल बी३ केली आणि तो अवघ्या १७ चालींत हरला.

मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण मात्र आपल्या देशातले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बंगालचे महेशचंद्र बॅनर्जी कलकत्त्यात स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रेनविरुद्ध खेळताना मधली घरे प्याद्यांनी लगेच व्यापत नसत. जी६ खेळून उंट जी७ वर बसवत आणि लांबून केंद्रावर मारा धरत. आपल्याकडच्या देशी नियमांत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चालत असे, त्या सवयीशी ही मांडणी जुळणारी होती. युरोपीय खेळाडूंना ती चमत्कारिक वाटे. आज ‘इंडियन’ नावाने ओळखले जाणारे बचाव जगभर सर्वोच्च पातळीवर खेळले जातात, आणि त्या नावामागे महेशचंद्रांचे डाव आहेत हे प्रत्येक क्लासमध्ये सांगितले गेले पाहिजे.

प्रश्न : ‘बाँगक्लाउड’ शालेय स्पर्धेत खेळला तर चालेल का?
— सातवीतील एक खेळाडू, सिडको

उत्तर : नियमाने मनाई नाही. मात्र या ओपनिंगमध्ये दुसऱ्याच चालीत राजा ई२ वर आणल्याने कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करण्याचा) हक्क जातो, शिवाय स्वतःच्याच वजिराची आणि उंटाची वाट अडते. मार्च २०२१ मध्ये मॅग्नस कार्लसन आणि नाकामुरा यांनी एका ऑनलाइन स्पर्धेत दोघांनीही राजा असाच पुढे आणून, त्याच त्या चाली करत डाव बरोबरीत सोडवला होता. पण दोघांचीही बाद फेरी आधीच निश्चित झालेली होती. तुमच्या स्पर्धेत प्रत्येक अर्धा गुण मोजला जाणार असेल, तर राजाला ई१ वरच राहू द्यावे.